मोजणी सगळ्यांची, माहिती जिची तिची

आज आपण यादीबद्दल बोलणार आहोत. विषय साधा वाटेल, पण तो थेट आपल्या घरापर्यंत येतो.

बचत गटात आल्यापासून आपलं नाव किती याद्यांमध्ये गेलं, ते बोटांवर मोजून बघा. गटाची नोंदणी, बँकेचं खातं, रेशन, अंगणवाडी, रोजगार हमीचं जॉबकार्ड, आरोग्याचं कार्ड, पीक विमा, लाडकी बहीण. कुठे वय आणि जात, कुठे आधार आणि मोबाईल नंबर. कुठे विचारतात, नवरा आहे का? नसेल तर वारला की सोडून गेला? आजार कोणता? कर्ज किती? ही माहिती द्यावी लागते, कारण त्याशिवाय योजना मिळत नाही. पण दिलेली माहिती पुढे कुणाकुणाच्या हातात जाते, हे कुणी सांगत नाही.

हा प्रश्न मोबाईल आल्यावर सुरू झाला असं पुष्कळ जणींना वाटतं. तो त्याहून बराच जुना आहे, आणि आपल्या खानदेशाने तो फार आधी पाहिलेला आहे.

सावदा-फैजपूरची मोजणी

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे त्यांनी जमिनीची नवी मोजणी सुरू केली. कुणाची जमीन किती, तिचा कस कसा, तिच्यावर सारा किती बसवायचा, हे सगळं कागदावर आणायचं होतं. १८५२ साली ही मोजणी जळगावकडच्या भागात आली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागातले शेतकरी बिथरले. मोजणीवाल्या साहेबांच्या तंबूंपुढे मोठा जमाव जमला. मोजणी बंद करा, अशी मागणी झाली. सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांना धरलं आणि मोजणी पुढे चालू ठेवली.

शेतकऱ्यांना साखळीची भीती नव्हती. साखळीमागून येणाऱ्या साऱ्याची भीती होती. आपली माहिती घेणारा तिचं काय करणार आहे, हे त्यांना कुणी विश्वासात घेऊन सांगितलं नव्हतं. आजही एखादी ताई सर्वेक्षणवाल्याला बघून दार लोटून घेते, तेव्हा तिला अडाणी म्हणण्याआधी आपण सावदा-फैजपूरची आठवण ठेवावी.

आकडा आणि शिक्का

त्यानंतर आली खानेसुमारी, म्हणजे जनगणना. १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री देशभरात एकाच वेळी माणसं मोजली गेली. त्यात खानदेश जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख ३७ हजार भरली. तेव्हाचा खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून.

आता या आकड्याकडे बघा. या १२ लाखांत आपल्या पणजीच्या पणजीचीही मोजणी झाली असेल. पण आकडा वाचून तिचं नाव, तिचं घर, तिचं दुःख कुणाला कळत नाही. दुष्काळात धान्य किती लागेल, दवाखाना कुठे हवा, हे मात्र अशा आकड्यांवरून ठरवता येतं. आकडा सगळ्यांच्या कामाचा असतो आणि त्याने एकटीचं कुणाचं नुकसान होत नाही.

पण त्याच काळात दुसऱ्या प्रकारचं लिखाणही चाललं होतं. १८८० साली इंग्रजांनी खानदेशचं गॅझेटियर छापलं. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तो बारावा खंड. त्यात नद्या, पिकं, बाजार यांच्याबरोबर जातीजमातींचीही वर्णनं होती आणि काही जमातींना त्यात सरळ चोर ठरवलं होतं. योगायोग असा की त्याच १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला बहिणाबाईंचा जन्म झाला. ज्या मातीतून अशी बाई निघाली, तिथल्या माणसांचं मोठेपण त्या जाडजूड पुस्तकातल्या रकान्यांना कसं दिसणार?

वर्णनावर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण १८७१ सालीच सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला होता आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कंजारभाट अशा कितीतरी जमातींच्या माणसांची नावं पोलिसांच्या नोंदवहीत गेली. बोटांचे ठसे घेतले गेले. हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी काढायची. त्या माणसाने गुन्हा केला होता की नाही, हा प्रश्नच नव्हता. तो कोणत्या जमातीत जन्मला, एवढं पुरे होतं.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. नोंदवह्या बंद झाल्या, पण शिक्का माणसाच्या अंगावर राहिला. गावात चोरी झाली की पहिली नजर कुणाच्या पालाकडे वळते, हे आपल्याला ठाऊक आहे. एकदा नाव यादीत चढलं की यादी फाटली तरी नाव लगेच उतरत नाही.

परदेशातलं एक उदाहरण सांगतो. युरोपातल्या नेदरलँड देशात नागरिकांची नोंद फार नीट ठेवलेली असायची. त्यात धर्माचाही रकाना होता. तो कुणाला मारण्यासाठी ठेवला नव्हता. पण १९४० साली हिटलरच्या सैन्याने देश घेतला आणि ती तयार नोंद त्याच्या हाती पडली. तिथल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. २७ मार्च १९४३ ला काही माणसांनी जिवावर उदार होऊन ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीला आग लावली. थोडेच कागद जळाले. पकडलेल्यांपैकी १२ जणांना गोळ्या घातल्या. माहिती गोळा करणारा भला होता, पण ती ज्याच्या हातात गेली तो भला नव्हता. म्हणून माहिती घेताना आज कोण विचारतोय एवढंच बघून चालत नाही, उद्या ती कुणाकडे जाऊ शकते तेही बघावं लागतं.

मग नाव द्यायचंच नाही का?

हे ऐकून कुणी म्हणेल, मग नावच सांगू नये. त्याचंही उत्तर इतिहासात आहे, आणि ते बायकांचंच आहे.

१९५१-५२ साली स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार याद्या करताना लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलं नाही. परक्या पुरुषाला आपलं नाव कसं सांगायचं? मग 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशा नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की प्रत्येक मतदार स्वतःच्या नावाने यादीत असला पाहिजे. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून निघाली आणि त्यांचं मत बुडालं. यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांतल्या होत्या. पण 'अमक्याची माय' म्हणून आयुष्य काढलेल्या बायका आपल्याही घरात होऊन गेल्या.

म्हणजे यादीत जाणं धोक्याचं आणि यादीत नसणंही धोक्याचं. यादीत नसेल तिला रेशन नाही, मत नाही, कर्ज नाही. आपल्यासारख्यांना यादीबाहेर राहणं परवडत नाही. म्हणून यादीतल्या माहितीची राखण कशी करायची, हेच शिकलं पाहिजे.

राखणीचा एक चांगला नियम आपल्या देशाने सुरुवातीलाच केला. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार तुम्ही जनगणनेत दिलेली माहिती कुणाला उघडून बघता येत नाही आणि ती तुमच्याविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मोजणाऱ्याने ती बाहेर फोडली तर त्याला शिक्षा आहे. सावदा-फैजपूरच्या शेतकऱ्यांना जी खात्री मिळाली नाही, ती या कायद्याने आपल्याला दिली. २०२७ ची जनगणना मोबाईलवर होणार आहे आणि तिच्यात जातही नोंदवली जाणार आहे. त्या वेळी हा नियम आपल्या तोंडी असावा.

टेंभलीपासून पुढे

२९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात आधारची सुरुवात झाली. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं, म्हणजे ही आपल्या घरचीच गोष्ट. देशातला पहिला आधार क्रमांक तिथल्या एका आदिवासी बहिणीला मिळाला. ज्यांच्याकडे ओळखीचा कागद नव्हता, त्यांच्या हातात बारा आकड्यांची ओळख आली. ही गोष्ट मोठी होती.

पण बारा आकड्यांनी आणखी एक काम केलं. आधी रेशनची यादी वेगळी, बँकेची वेगळी, दवाखान्याची वेगळी असायची. तुकाराम पाटलांची सून कोणत्या यादीत कोणती, हे जुळवायला माणूस लागायचा. आता एकाच नंबरने सगळ्या याद्या एकमेकींना शिवता येतात. एकेक यादी म्हणजे एकेक चिंधी, पण शिवल्यावर गोधडी होते आणि त्या गोधडीत आपलं अख्खं आयुष्य दिसतं.

२०१७ साली उघड झालं की केंद्र आणि राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक कुणालाही दिसतील असे ठेवले होते. एका अभ्यासात फक्त चार सरकारी संकेतस्थळं तपासली. त्यांवरून १३ कोटींच्या आसपास आधार क्रमांक उघडे पडले असावेत, असा अंदाज निघाला. त्यात पेन्शनवाले होते, रोजगार हमीवरचे मजूर होते. कुणी चोरी केली नव्हती. कामात पारदर्शकता हवी म्हणून याद्या लावल्या होत्या आणि कोणता रकाना झाकायचा हे कुणी बघितलं नव्हतं.

इथे आपण जरा थांबू. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दाखवलेली वाट. आपल्याकडे तिचा कायदा १९७७ चा. तिच्या हजेरीपटावर कुणाचं नाव, किती दिवस काम, किती मजुरी, हे चावडीवर वाचलंच पाहिजे. मेलेल्या माणसाच्या नावाने मजुरी उचलली तर ती याच वाचनात सापडते. पण त्या मजुराचा आधार क्रमांक आणि बँक खातं चावडीवर वाचायची गरज काय? त्याने भ्रष्टाचार सापडत नाही, फक्त भामट्याची सोय होते. आधारच्या २०१६ च्या कायद्यातही कुणाचा आधार क्रमांक जाहीर करायला मनाई आहे.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. तो बंगल्यात राहणाऱ्याचा आहे, तसाच पालात राहणाऱ्याचाही आहे.

नाव खोडलं म्हणजे झालं?

कचेरीत विचारलं तर उत्तर मिळतं, 'काळजी करू नका ताई, आम्ही नावं काढून टाकतो.' पण नाव खोडून माणूस लपतो का?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाची माहिती अभ्यासकांना दिली होती. नावं काढली होती. जन्मतारीख, बाई की पुरुष आणि पिनकोड तेवढे ठेवले होते. लटान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. राज्याच्या गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण निघाले. त्यात पुरुष तीन. त्यांच्या पिनकोडचा एकच. गव्हर्नरांचं आजारपण तिच्या हातात आलं. ही १९९७ च्या सुमाराची गोष्ट.

एवढ्या मोठ्या शहरात हे झालं, मग आपल्या गावाचं काय? समजा चोपडा तालुक्यातलं चारशे उंबऱ्यांचं गाव आहे. नाव नसलेला कागद आला: 'वय ३४, विधवा, दोन मुली, शिलाई मशीनचं कर्ज, चार हप्ते थकीत.' गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा कळेल ही कोण ते. छोट्या गावात नाव हे माहितीतलं सगळ्यात लहान गुपित असतं.

आमच्या भागातही असं घडलं. एका गटाच्या बहिणींची यादी, मोबाईल आणि खाते क्रमांकासकट, एका कचेरीतून व्हॉट्सॲपवर पुढे गेली. आठवड्याभरात दोघींना फोन आले, 'तुमचं कर्ज मंजूर झालंय, ओटीपी सांगा.' फोनवाल्याला गटाचं नाव माहीत होतं, कर्जाची रक्कमही माहीत होती. म्हणून तर विश्वास बसला. एकीने वेळेवर फोन ठेवला. दुसरीचे पैसे गेले. पैशांपेक्षा वाईट हे झालं की त्या गटात पुढे महिनाभर कुणी खरी माहिती सांगायला तयार नव्हतं. आणि माहिती खोटी मिळाली की योजनाही चुकीच्या माणसाकडे जाते.

नीट करणारेही आहेत

आपल्या मुंबईत देवनारला लोकसंख्या अभ्यासाची एक मोठी संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिच्याकडून होतं. १९९२-९३ ला पहिलं झालं. या सर्वेक्षणात बायकांना नवऱ्याच्या मारहाणीबद्दलही विचारतात. कसं विचारतात, ते समजून घेण्यासारखं आहे. एका घरात एकाच बाईला विचारायचं. ती एकटी असेल तरच विचारायचं. सासू किंवा नवरा आसपास असेल तर तो प्रश्न सोडून द्यायचा. उत्तर मिळण्यापेक्षा तिची सुरक्षा मोठी धरली आहे.

२००५-०६ च्या फेरीत एचआयव्हीसाठी रक्ताचे नमुने घेतले. नमुन्यावर नाव नव्हतं, फक्त बारकोड होता. अभ्यासकांना दिलेल्या माहितीतून जिल्ह्याची ओळखही काढून टाकली. पुढच्या फेऱ्यांत गावाची नकाशावरची जागा मुद्दाम थोडी सरकवतात, खेड्यात पाच किलोमीटरपर्यंत आणि क्वचित दहापर्यंत. सातपुड्याच्या पायथ्याचा एखादा पाडा त्या नकाशावर जरा बाजूला दिसतो. जिल्ह्याचं चित्र खरं राहतं, पण पाड्यावरचं घर सापडत नाही.

यात थोडं नुकसानही होतं. नकाशा तेवढा अचूक राहत नाही. पण या राखणीच्या भरवशावरच बायका खरं बोलतात, आणि त्यातूनच किती घरांत मारहाण होते हे देशाला कळतं. राखण नसती तर सगळ्यांनी 'आमच्याकडे तसं काही नाही' असंच लिहून दिलं असतं.

२०२३ साली देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती घेणाऱ्याने कशासाठी घेतो ते सांगायचं, संमती घ्यायची, आणि ती सूचना मराठीतही मागता येते. पण याच कायद्याने माहिती अधिकारातलं एक कलम बदललं. 'खासगी माहिती आहे' असं म्हणून अधिकारी कागद दडवतील, अशी भीती अनेक कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली आहे. ती भीती खोटी नाही. खासगीपणा गरिबाच्या घरासाठी आहे, घोटाळ्याच्या फायलीसाठी नाही. हजेरीपट उघडा आणि खाते क्रमांक झाकलेला, ही रेघ आपण धरून ठेवली पाहिजे.

आपल्या गटात काय करता येईल

पहिलं, माहिती मागणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: कशासाठी हवी, कोण कोण बघणार, काम झाल्यावर तिचं काय करणार? विचारलं म्हणून कुणी योजना काढून घेत नाही.

दुसरं, नावाची वही आणि आकड्याचा कागद वेगळा ठेवा. गटाचा हिशोब गटातल्या प्रत्येकीला उघडा असलाच पाहिजे, त्यात लपवाछपवी नको. पण ग्रामसंघाच्या बैठकीत '१२ पैकी ३ जणींचे हप्ते थकले' एवढं पुरतं. कोणाचे, हे गटातच राहू द्या.

तिसरं, आकडा फार लहान असेल तर तो एकटा बाहेर देऊ नका. 'गावात एचआयव्हीची १ बाई' असं लिहिणं म्हणजे तिचं नाव लिहिणंच. चार-पाच गावांचा मिळून आकडा द्या.

चौथं, आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर काम आणि तारीख लिहा. जिथे चालतं तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्या. यादीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. फसवणूक झालीच तर लाज न धरता लगेच १९३० या नंबरवर फोन करा.

१८५२ साली आपल्या माणसांना मोजणी कशासाठी ते विचारता आलं नाही, म्हणून ती तंबूंपुढे जमली. आज आपल्याला विचारता येतं. लिहिता-वाचता येतं, बैठक घेता येते, ठराव करता येतो. पुढच्या बैठकीत कर्जाच्या विषयाआधी पाच मिनिटं काढा. आपल्या गटाच्या याद्या कुठे कुठे गेल्या आहेत, ते एका कागदावर लिहा आणि त्यातल्या कोणत्या परत मागायच्या ते ठरवा. काय निघालं ते आम्हाला कळवा. बहिणींची नावं मात्र लिहू नका, आकडा पाठवा.